तालमीचा निकाल लावू नका

पुण्यात शाळांच्या फुटबॉल सामन्यांना मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालक, माजी विद्यार्थी आणि त्यांच्या मित्रमंडळींना,



जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आपल्या शहरातल्या दोन शाळांचा सराव सामना झाला. शाळांची नावं मी घेत नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ती सांगायला नकोत. ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनी आपल्या शाळेचं आणि आपल्या कट्टर प्रतिस्पर्धी शाळेचं नाव मनात धरून हे पत्र वाचावं, कुठे अडणार नाही. सामना सव्वानऊला संपला. भांडण मात्र फाटकाशी सुरू झालं, समोरच्या चहाच्या टपरीवर गेलं, तिथून घराघरांत गेलं आणि अकरा दिवस झाले तरी थांबलेलं नाही. त्यात मलाही ओढलं जातंय, कारण त्या दिवशी शिट्टी माझ्याकडे होती. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मला विचारलं गेलं, ‘बाई, खरं सांगा, तो तिसरा गोल ऑफसाइड होता ना?’

मी निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे. मूळची खो-खोची. फुटबॉलची शिट्टी चाळिशीनंतर हातात घेतली, तीसुद्धा शाळेला दुसरं कुणी मिळेना म्हणून. पण एकदा घेतली ती सोडवेना. आता पावसाळ्यात दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या शाळेचे सर फोन करतात आणि मी जाते. कडेला उभ्या असलेल्या तुमच्यातल्या निम्म्याजणांना मी कवायत शिकवली आहे, काहींना मैदानाला फेऱ्याही मारायला लावल्या आहेत. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

त्या सकाळी काय झालं ते आधी सांगते, कारण तुम्ही जे सांगत फिरताय ते मैदानात घडलेलंच नाही.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. आदल्या संध्याकाळी मारलेली फक्की निम्मी वाहून गेली होती. एका बाजूच्या गोलसमोर पाण्याचं डबकं साठलं होतं, त्यावर दोघा शिपाई मामांनी भुसा आणून टाकला. लाइनवर झेंडा धरून उभं राहायला माणसं नव्हती, म्हणजे मी एकटीच. दोन्ही सरांनी आधी ठरवून घेतलं होतं की नेहमीसारखे दोन हाफ खेळायचे नाहीत. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन भाग करायचे, हव्या तितक्या मुलांना आत-बाहेर करायचं आणि बाहेर गेलेला पोरगा परत आत आला तरी चालेल. पहिल्या भागात दोन्हीकडची नेहमीची मुलं उतरली. दुसऱ्या भागात दोन्ही सरांनी जागा बदलल्या. डावीकडचा उजवीकडे गेला, पुढे खेळणाऱ्याला मागे नेलं. तिसऱ्या भागात एका शाळेची दोन मुलं गुडघे धरून बसली, तेव्हा दुसऱ्या शाळेच्या दोघांनी त्यांच्या पिवळ्या बिब्ज घातल्या आणि समोरच्या संघातून ते खेळले.

आता तुमचा ‘पाच-दोन’ घ्या. तो निकाल कुणी लिहून ठेवलेला नव्हता, माझ्या वहीतही नाही. तुम्हीच कडेला उभं राहून गोल मोजलेत. त्यातला पाचवा गोल ज्या मुलाने मारला तो हरलेल्या म्हणवणाऱ्या शाळेचा आहे. पिवळी बिब घालून त्याने आपल्याच शाळेवर गोल केला, आपल्याच गोलकीपरला टाळी दिली आणि हसत परत फिरला. हा गोल तुम्ही कुणाच्या खात्यात मांडलात?

ऑफसाइडचंही एकदाच सांगून टाकते. ऑफसाइड बघायचा असेल तर बचावफळीच्या रेषेत उभं राहावं लागतं. त्यासाठीच बाजूच्या लाइनवर सहायक पंच असतात, आणि बचाव करणाऱ्या संघातला शेवटून दुसरा खेळाडू जसा सरकेल तसे तेही सरकतात. एकटा पंच मैदानाच्या मधून तिरकं बघतो. तिरक्या नजरेला हातभर पुढचा माणूस बरोबरीत दिसतो आणि बरोबरीतला पुढे दिसतो. तो गोल ऑफसाइड असेलही. पास सुटला तेव्हा मी बरीच मागे होते. तुम्ही तर गोलच्या पाठीमागे होता, तिथून कुणालाही ती रेषा दिसत नाही. तरीही दोन्हीकडची वडीलधारी माणसं छातीठोकपणे बोलताहेत, आणि एका गृहस्थांनी तर वीस वर्षांच्या मित्राशी बोलणं टाकलं आहे.

हे एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मोठी माणसं भांडतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. मला लिहायला लावलं ते त्या गोलकीपरने.

नववीतला मुलगा. अंगाने किरकोळ, ग्लोव्ह्ज त्याच्या हातापेक्षा मोठे, बहुधा थोरल्या भावाचे. दुसऱ्या भागाच्या आधी त्याचे सर त्याला बाजूला घेऊन बोलले. मी पाणी पीत जवळच उभी होते, म्हणून ऐकू आलं. ‘आज एकही बॉल लांब मारायचा नाही. सगळे बॉल पायाने जवळच्याला द्यायचे. अंगावर आले तरी द्यायचे. गोल झाला तरी मी काही बोलणार नाही.’ पोराने दोनदा विचारून घेतलं, ‘सर, गोल झाला तरी?’ सर म्हणाले, ‘झाला तरी.’

यामागे कारण आहे, ते नीट समजून घ्या. पूर्वी गोलकिक मारल्यावर चेंडू मोठ्या चौकोनाबाहेर जाईपर्यंत आपल्या खेळाडूलाही त्याला हात लावता येत नसे, म्हणजे पाय म्हणा. 2019 पासून तो नियम बदलला. आता चेंडू मारला आणि हलला की खेळ सुरू, बचावपटू चौकोनाच्या आतच तो घेऊ शकतो. त्यामुळे जगभर मागून, पायापायाने खेळ उभा करण्याची पद्धत आली आणि गोलकीपर हा अकरावा पासिंग करणारा खेळाडू झाला. ते अंगात यायला धीर लागतो. समोरून दोघं धावून येत असताना पायाखाली चेंडू थांबवायचा, मान वर करायची, मोकळा माणूस शोधायचा आणि मग पास द्यायचा. ही गोष्ट फळ्यावर काढून येत नाही. चुकून, आणखी चुकून, मग येते.

तो पोरगा चुकला. एकदा चेंडू डबक्यात अडकला, एकदा पास सरळ समोरच्याच्या पायात गेला, एकदा मोकळा माणूस शोधता शोधता उशीर झाला. तीन गोल झाले. सर कडेला शांत उभे होते, प्रत्येक गोलनंतर टाळी वाजवून ‘परत’ एवढंच म्हणत होते. आणि तुम्ही? त्याच्या गोलमागे, जाळीपासून दोन हातांवर, तुमच्यातले तिघेचौघे उभे होते. ‘अरे मार की लांब!’ ‘ह्याला कुणी उभा केला?’ ‘झोपलायस काय रे!’ त्याच्याच शाळेची माणसं होती ही. पलीकडून दुसऱ्या शाळेचे माजी विद्यार्थी त्याच्या प्रत्येक पासवर हुर्यो उडवत होते. तिसऱ्या गोलच्या वेळी कुणीतरी मोबाइल धरून उभा होता. डबक्यात घसरलेला पोरगा आणि त्याच्या बाजूने गोलात जाणारा चेंडू, एवढीच काही सेकंदांची चित्रफीत दुपारपर्यंत दोन्हीकडच्या मोबाइलवर फिरली. त्याच्या वर्गातल्या मुलींनी ती पाहिली. त्याच्या आजोबांनीही पाहिली.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या सरावाला गेले. बॉल त्याच्याकडे आला की तो मागचापुढचा विचार न करता लांब भिरकावत होता. डोळे मिटून मारल्यासारखा. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘बाई, महिनाभराचं काम गेलं.’ एवढंच म्हणाले, पुढे काही बोलले नाहीत.

सराव सामना म्हणजे काय, हे आपल्या भाषेला फार आधीपासून कळलेलं आहे. आपण कुस्तीच्या जागेलाही तालीम म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतो. पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये चिंचेच्या तालमीसारख्या तालमी आहेत. तिथे वस्ताद पहाटे जोड लावून देतात. थोरल्या पैलवानाने धाकट्याला दहा वेळा पाडायचं आणि अकराव्यांदा डाव कसा सोडवायचा ते दाखवायचं, हाच तर तिथला उद्योग. लाल मातीत कोण किती वेळा चीत झाला ते तालमीच्या दाराबाहेर कुणी बोलत नाही. निकाल लागतो तो जत्रेतल्या किंवा स्पर्धेतल्या मैदानावर, चार लोकांच्या देखत, हलगी वाजत असताना.

नाटकाचंही तसंच. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी जो आवाज होतो तो तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलाय, कदाचित घसा बसेपर्यंत दिलाही असेल. ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणत एकेक कॉलेज उभं राहतं. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा 1963 पासून चालू आहे, आणि कॉलेजाकॉलेजांतली ईर्ष्या हा तिचा प्राण आहे. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा अख्खं शहर दोन तट पडल्यासारखं वाद घालत होतं. तो वाद मला आवडला होता. तो प्रयोगावरचा वाद होता. पोरांनी आपलं सगळं रंगमंचावर ठेवलं होतं, परीक्षकांनी आपलं मत ठेवलं होतं, आणि मग लोक बोलत होते. पण ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी वाड्यात, गॅलरीत, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात संवाद विसरत, हलत्या खुर्च्यांवर त्या एकांकिकेची तालीम चालते, तेव्हा तिथे प्रतिस्पर्धी कॉलेजची मुलं जाऊन हुर्यो उडवतात का? कुणी गेलंच तर त्याला हाताला धरून बाहेर काढतील. मग फुटबॉलच्या तालमीलाच असं का?

खेळाच्या नियमांनीही हा फरक मानलेला आहे. फुटबॉलच्या नियमावलीतला तिसरा नियम खेळाडूंच्या संख्येचा. स्पर्धेत किती बदली खेळाडू, कधी, किती वेळा, हे बांधून दिलेलं असतं. पण मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही संघांनी आपसांत ठरवून पंचाला आधी सांगितलं की बदली खेळाडूंची संख्या वाढवता येते. म्हणजे जिथे निकालाला किंमत नाही तिथे शिकण्याला जागा करून दिली आहे. अमेरिकेत शाळांचा हंगाम सुरू होण्याआधी असेच सराव सामने होतात. त्यांचं फुटबॉल वेगळं, लांबुळक्या चेंडूचं. तिथे अनेकदा दोघे प्रशिक्षक ठरवतात की आधी एका संघाने सलग दहा चाली खेळायच्या, मग दुसऱ्याने. कोण जिंकलं हा प्रश्नच मुळात नीट विचारता येऊ नये अशी ती मांडणी असते. तरी तिथलेही लोक भांडतातच म्हणे. म्हणजे हा आजार काही फक्त आपला नाही.

आता तुमची बाजू. ती मला दिसत नाही असं समजू नका.

पुण्याला एक काळ आपला क्लब होता. 2007 मध्ये पुणे एफसी सुरू झाला, बालेवाडीला आय-लीगचे सामने होऊ लागले. 2012-13 च्या हंगामात तो संघ चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला. मग डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आले आणि दोन हंगामांत निघूनही गेले. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी पुणे सिटी आला. मार्च 2018 मध्ये तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळुरूशी शून्य-शून्य बरोबरी झाली, तिकडे जाऊन सुनील छेत्रीच्या तीन गोलांपुढे आपण हरलो. 2019 मध्ये तोही क्लब गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बारा वर्षांत हे तीन क्लब आले आणि गेले. नारिंगी जर्सी घालून बालेवाडीला जाणारी मुलं आता तिशीत आहेत, आणि त्यांच्याकडे आवाज द्यायला उरलं काय? शाळा. शाळा कुणी विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. म्हणून तुम्ही शनिवारी सकाळी साडेसातला रेनकोट घालून तिथे येता. नोकरीच्या आठवड्यातली एकुलती एक झोपेची सकाळ सोडून येता. मी ते पाहते आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. माझ्या उमेदीच्या काळात मुलांच्या फुटबॉलला कडेला उभं असायचं एक कुत्रं आणि डबा घेऊन आलेली एखादी आई.

पालकांचं दुखणं आणखी वेगळं. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की त्या वर्षाची वाट संपली. सुब्रतो चषकासाठी जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्यात आणि राज्यातून थेट दिल्लीपर्यंत रस्ता जातो, पण पहिल्याच दारात पाय अडखळला तर पुढचं काही नाही. वरच्या पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते. पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. या सगळ्याचं ओझं घेऊन बाप मैदानाच्या कडेला उभा असतो. पोराने एक पास चुकवला की त्याला पुढची पंधरा वर्षं दिसतात. मला हे कळतं. पण सराव सामन्याचं प्रमाणपत्र नसतं, त्याचे गुण नसतात, निवड समिती तो बघत नसते. वर्षात मुलाला खरे सामने मिळतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याआधी चुकून घेण्यासाठी आपल्याकडे जुलैतले हे चार-पाच शनिवारच आहेत. ते तुम्ही त्याच्याकडून काढून घेताय.

कोल्हापूरकडे बघा, असं मला नेहमी सांगितलं जातं. तिथे बघा काय ईर्ष्या आहे, म्हणून तर तिथे फुटबॉल आहे! अगदी बरोबर. तिथल्या संघांच्या नावातच तालीम आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. पेठेपेठेची आन त्या नावांना चिकटलेली असते आणि शाहू स्टेडियम भरतं ते त्या आनेपायी. महाराष्ट्रात असा फुटबॉलवेडा गाव दुसरा नाही, हे मी मान खाली घालून कबूल करते. पण तिथल्याच जुन्या खेळाडूंना विचारा, मारामारीपायी किती वेळा सामने थांबवावे लागले आणि स्पर्धा अर्धवट सोडून द्याव्या लागल्या. प्रेक्षकांनी दगड मारले की शिक्षा होते ती खेळाडूला, त्याचा हंगाम जातो. आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव आठवा. लहान वयात तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, बालेवाडीला घडला, पुढे पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. ईर्ष्या त्याला कोल्हापूरने दिली असेल, पण तो घडला त्या सरावाच्या मैदानावर सकाळी सहाला टाळ्या वाजवायला किंवा शिव्या द्यायला कोण उभं होतं? कुणीच नाही. एक प्रशिक्षक, वीस-पंचवीस मुलं आणि दवाने ओलं गवत. बालेवाडीचे ते सराव मी पाहिलेले आहेत.

कडेच्या या आरडाओरड्यावर बाहेरच्या देशांनी वेगवेगळे उपाय करून पाहिले. 1999 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मुलींच्या एका फुटबॉल लीगने एक रविवार मूक पाळला. पालकांनी यायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2008 पासून मुलांच्या सामन्यांत प्रेक्षकांसाठी वेगळी रेषा आखायला सुरुवात केली, टचलाइनपासून मागे, दोरी लावून. मला मूकपणा नको आहे. आपल्या पोरांना शांततेची सवय नाही, कडेला सगळे गप्प बसले तर त्यांना वाटेल काहीतरी वाईट घडलंय. पण दोरी मला पटली.

म्हणून माझं मागणं असं आहे. यापुढे ज्या सराव सामन्याला मी शिट्टी घेऊन उभी असेन तिथे टचलाइनच्या मागे दहा पावलांवर फक्कीची दुसरी रेघ मारलेली असेल. तुम्ही त्या रेघेमागे उभे राहा. गोलच्या पाठीमागे मात्र कुणीही नको, सख्खा बाप असला तरी नको. तिथे उभं राहून बोललेला प्रत्येक शब्द गोलकीपरच्या मानेवर पडतो आणि त्याला वळून उत्तर देता येत नाही. मोबाइल खिशात ठेवा. मुलांच्या सरांना चित्रण हवं असेल तर ते स्वतः करतील, त्यांना ते शिकवण्यासाठी लागतं. आणि गोल मोजू नका. कुणी विचारलं ‘किती झाले?’ तर ‘सराव होता’ एवढंच सांगा. सुरुवातीला हे तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. ओरडायचं असेल तर ओरडा, पण जे चाललं आहे त्यासाठी ओरडा. पोराने अंगावर येणाऱ्याला चुकवून पास दिला तर तो पास कुठे का जाईना, त्याने मान वर केली ना, मग टाळी वाजवा. पलीकडच्या शाळेच्या पोरासाठीही वाजवा. तो पुढच्या भागात तुमची बिब घालून खेळत असू शकतो.

ऑगस्टमध्ये स्पर्धा सुरू होतील तेव्हा हवा तेवढा आवाज द्या. ढोल आणा, झेंडे आणा. रेफरीचा निर्णय पटला नाही तर तुमच्यात कुजबुजा, मी ऐकलं नाही असं करेन. तेव्हा निकाल लागेल, तो वहीत लिहिला जाईल, आणि तुम्हाला त्यावर वर्षभर बोलता येईल.

ती चित्रफीत ज्याने काढली त्याला मी ओळखते. तो माझा विद्यार्थी होता, आठवीत असताना खो-खोत खांबाजवळ घसरून पडला होता आणि पंधरा दिवस मैदानावर यायला तयार नव्हता. मी त्याच्या घरी गेले होते, त्याच्या आईने पोहे केले होते. दोन्ही शाळांत मी त्याचं नाव सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्याने ती आपणहून पुसून टाकावी आणि ज्यांना ज्यांना पाठवली त्यांनाही पुसायला सांगावं. मग त्या गोलकीपरच्या घरी जावं, जमलं तर. घर लांब नाही.

येत्या शनिवारी सकाळी साडेसातला त्याच दोन शाळांचा परत सराव सामना ठेवला आहे. दोन्ही सरांनी माझ्या सांगण्यावरून होकार दिला. गोलकीपर तोच असेल आणि त्याला सूचनाही तीच असेल, मी विचारून घेतलंय. परवा संध्याकाळी मी पुन्हा सरावाला गेले होते. अंधार पडत आला होता, बाकीची मुलं दप्तरं उचलत होती. सर आणि तो, दोघंच गोलसमोर होते. सरांनी चेंडू जरा जोरात त्याच्याकडे सोडला आणि स्वतः त्याच्या अंगावर धावत गेले. पोराने पाय उचलला, लांब मारायलाच उचलला, आणि मग खाली ठेवला. चेंडू थांबवला. उजवीकडे सरकवला. तिथे कुणी नव्हतं, चेंडू गडगडत कुंपणापर्यंत गेला. सर म्हणाले, ‘परत.’

शनिवारी या. जरा लवकर, सातला आलात तर बरं होईल. डबक्यात टाकायला मुरूम सांगितलाय, तो पसरायला माणसं लागतील, आणि जाळी बांधायला दोन्हीकडचे दोन-दोन उंच हात हवे आहेत.

तुमची,
बाई
(निवृत्त क्रीडाशिक्षिका, पुणे)